पंधरा वर्षांची झेडफोर आणि सव्वानऊ लाखांचं एस्टिमेट: करत राहायचं की सोडून द्यायचं?

प्रश्न असा आहे की २०१० ची बीएमडब्ल्यू झेडफोर एसड्राइव्ह३५आय, पुणे पासिंग, तुम्ही तिसरे मालक, ६८ हजार किलोमीटर झालेत. आठवड्यातनं एखाद वेळा निघते, ताम्हिणी नाहीतर वाईपर्यंत जाऊन येते, बाकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. दोन वर्षं झाली काही ना काही निघतंच आहे, आता पॉवर कमी वाटली म्हणून दाखवली तर वर्कशॉपने सव्वानऊ लाखांचं एस्टिमेट हातात ठेवलं, आणि एक डीलर म्हणतोय आहे तशी द्या, १३ लाख देतो. वर आरसीची १५ वर्षं संपत आलीत आणि घरचे म्हणतायत की आता पुरे.

मी पुण्यात जर्मन गाड्यांचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या गाडीतलं एन५४ इंजिन, म्हणजे ते तीन लिटरचं ट्विन टर्बो स्ट्रेट सिक्स, आमच्याकडे सतत उघडलेलं असतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: इंजिन आतून धड असेल आणि गाडीत कधी पाणी शिरलेलं नसेल तर ठेवा, नक्की ठेवा, पण ते सव्वानऊ लाखांचं एस्टिमेट आहे तसं मान्य करू नका कारण त्यातला निम्म्याहून जास्त खर्च अजून सिद्धच झालेला नाहीये.

सगळे एक करतात, बिल एका बाजूला आणि गाडीची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवतात आणि म्हणतात १३ च्या गाडीवर सव्वानऊ कोण घालतं. ऐकायला बरोबर वाटतं पण यातनं काहीच कळत नाही हो. डीलरने १३ सांगितले ते ही सगळी कामं बाकी आहेत हे धरूनच सांगितलेत, म्हणजे तुम्ही त्याच कामांचे पैसे दोनदा मोजताय. विचारायचं ते हे की ते १३ लाख हातात आले तर त्यात तुम्हाला असं काय मिळणार आहे जे या गाडीत आहे. मागच्या चाकांना पॉवर, सहा सिलिंडर, दोनच सीट, उघडणारं छत, असं १३ लाखांत दुसरं जे मिळेल ती पण दहा-पंधरा वर्षं जुनीच असणार आणि तिच्या आत काय शिजतंय ते तुम्हाला माहीत नसणार. नवीन म्हणाल तर २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली तेव्हा ५३ लाख एक्स-शोरूम होती, त्याच वर्षी आलेली ऑक्टाव्हिया आरएस पन्नासच्या आसपास होती, दोन्ही गाड्या उत्तम आहेत पण दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि दोन्ही चार सिलिंडर. ज्या इंजिनाला २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा इंजिन ऑफ द इयर मिळालं ते इंजिन तुमच्या पार्किंगमध्ये उभं आहे, हे सोडताना नीट विचार करा एवढंच माझं म्हणणं आहे.

आता एस्टिमेट बघू. तुम्ही दिलेले आकडे असे: दोन्ही टर्बो ३.८ लाख, सहा इंजेक्टर १.९ लाख, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट ७० हजार, व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केटं ५० हजार, चार टायर १.३ लाख, गिअरबॉक्स ऑइल सर्व्हिस ४५ हजार, छताची वायरिंग ६० हजार. म्हणजे पहिल्या दोन ओळींतच ५.७ लाख गेले.

टर्बोबद्दल जरा नीट सांगतो कारण तुमचा निर्णय खरं तर इथेच अडकलाय. स्कॅनमध्ये ३०एफएफ कोड आला म्हणून टर्बो गेले असं सांगितलंय. ३०एफएफ म्हणजे फक्त एवढंच की इंजिनाने जेवढं बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून दिलेली हवा, मागितलं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही हे तो कोड सांगत नाही. एन५४ मध्ये टर्बोचे वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपा) व्हॅक्यूमवर बंद होतात, म्हणजे व्हॅक्यूम पंपापासून दोन सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) आणि तिथून टर्बोपर्यंत बारीक रबरी नळ्या जातात, आणि त्या नळ्या पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून अशा कडक होतात की बोटांनी वाकवल्या तर कट्कन मोडतात. नळीला चीर गेली की वेस्टगेट पूर्ण बंद होत नाही, बूस्ट निसटतं, ३०एफएफ येतो, आणि गिऱ्हाइकाला टर्बोचं एस्टिमेट जातं. नळ्यांचा सगळा सेट काही हजारांत बदलून होतो. त्यानंतर सोलेनॉइड बघायचे, इंटरकूलरपासून थ्रॉटलला जाणारा प्लास्टिकचा चार्ज पाइप कुठे तडकलाय का बघायचं, सगळ्या जोडांना स्मोक टेस्ट द्यायची, धूर कुठून निघतो ते डोळ्यांनी दिसतं. मग हातपंपाने थेट वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे दांडी ओढून तो बंद करणाऱ्या डबीला, व्हॅक्यूम द्यायचा, दांडी सरळ आणि एकसारखी सरकली आणि व्हॅक्यूम धरून राहिला तर टर्बोला हात लावायची गरज नाही. आणि हो, वेस्टगेटचा खडखड आवाज, गाडी आयडलवर असताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर चिल्लर हलवल्यासारखा येतो तो, तो या इंजिनाचा जुना प्रसिद्ध आजार आहे. नुसता आवाज आहे पण बूस्ट पूर्ण मिळतंय तर दांडीची लांबी ॲडजस्ट करून बरीच वर्षं निघतात. टर्बो खरंच कधी बदलायचे, तर शाफ्टला हाताने हलवल्यावर स्पष्ट खेळ लागतोय, किंवा गाडी सिग्नलला थोडा वेळ उभी राहून निघाली की मागून निळा धूर सुटतोय, तेव्हा. तुमच्या लिहिण्यात धुराचा उल्लेख कुठेच नाही.

इंजेक्टरचंही तसंच. हे पिएझो इंजेक्टर महाग आहेत हे खरं, आणि सुरुवातीच्या काळातले खराब निघायचे हेही खरं, कंपनीने वेळोवेळी सुधारून नवीन इंडेक्सचे, म्हणजे पुढच्या आवृत्तीचे, काढले. पण म्हणून सहाच्या सहा बदला असं सरसकट होत नाही. प्रत्येक इंजेक्टरवर नंबर आणि इंडेक्स कोरलेला असतो, आधीच्या मालकाने काही बदललेत का ते तिथे वाचता येतं. मिसफायर, म्हणजे पेट चुकणं, कुठल्या सिलिंडरला होतोय ते बघा, त्याची इग्निशन कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर टाकून बघा, प्लग बघा. कॉइल हलवल्यावर मिसफायर तिच्याबरोबर दुसरीकडे गेला तर इंजेक्टरचा काही संबंधच नाही. बदलावाच लागला तर नव्याचा कॅलिब्रेशन नंबर इंजिनच्या कंप्युटरमध्ये भरून घ्या, ते न करता नुसता बसवून देणारे लोक आहेत आणि मग नवा इंजेक्टर टाकूनही गाडी थडथडतेच. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, तिथे काजळीचा थर चढतो, आणि थंड असताना ओबडधोबड चालणं हे त्यामुळेही होतं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ते साफ करतात. ६८ हजाराला हे एकदाही झालं नसेल तर ते मी इंजेक्टरच्या आधी करेन.

बाकीची कामं मात्र टाळू नका, ती आता करायचीच आहेत. वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे, तो आधी गळून-बिळून सांगत नाही, एक दिवस चालता चालता बंद पडतो आणि तुम्ही वरंध घाटात उभे. एवढ्या वर्षांत बदलला नसेल तर थर्मोस्टॅटसकट बदलून टाका, आणि त्याचे ॲल्युमिनियमचे बोल्ट नवीनच वापरायला सांगा, ते एकदाच ताणायचे असतात. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट ऐकायला किरकोळ वाटतं पण पैसे नाहीत म्हणून एकच काम करायचं असेल तर मी हे करेन. ते गळलं की ऑइल खाली पट्ट्यावर येतं, पट्टा फुगतो, सरकतो, त्याच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्या क्रँकच्या पुलीमागे ओढल्या जाऊन पुढच्या ऑइल सीलमधून इंजिनाच्या आत जातात. मग चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून ऑइलच्या जाळीतून रबराचे धागे चिमट्याने काढत बसावं लागतं, आणि ते वेळेत कळलं नाही तर ऑइल न मिळून बेअरिंग जातात. काही हजारांच्या रबरी गॅस्केटमुळे इंजिन गेलेलं असतं. टॉर्च घेऊन बॉनेट उघडा, पट्ट्याच्या कडेला ओलं काळं दिसतंय का बघा, दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगने न्या.

टायरवर खोल नक्षी दिसते म्हणून लोक फसतात. साइडवॉलवर डीओटीनंतर शेवटचे चार आकडे बघा, २३१६ असेल तर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात, आणि ३०० हॉर्सपॉवरच्या मागच्या चाकांना पावसात वाळलेला टायर म्हणजे जिवाशी खेळ आहे. यात काटकसर नको. स्पेअर व्हील गाडीत नाही म्हणून रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे टायर, देतात, ज्यांना ते कडक वाटतात ते साधे टायर घालून पंक्चर किट आणि पंप ठेवतात, तेही चालतं. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर पुरतं असं म्हणतात त्यावर जाऊ नका, डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, बदला. छताची वायरिंग बिजागरीपाशी सतत वाकून तुटते, त्यासाठी पूर्ण हार्नेस मागवायची गरज बहुतेक वेळा नसते, हात चांगला असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढ्याच तारा लवचिक वायर घालून सोल्डर करून देतो, ६० हजारांचं काम त्याच्या एका तुकड्यात होतं.

एक अगदी साधी गोष्ट राहिली, बॅटरी. उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी कमी व्होल्टेजला असली की या गाड्या वाट्टेल ते कोड दाखवतात, छत चालत नाही, गिअर अडखळतो. तपासणीच्या आधी बॅटरी टेस्ट करा, बदलली तर कंप्युटरमध्ये तिची नोंद करून घ्या, आणि पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळत असेल तर ट्रिकल चार्जर लावून ठेवा.

मग सोडून कधी द्यायची? माझ्या दृष्टीने तीनच कारणं आहेत. पहिलं म्हणजे इंजिन आतून गेलेलं असणं. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो) आणि लीकडाउन टेस्ट (हवा किती आणि कुठून निसटते) करा, सहा सिलिंडरच्या दाबातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन तंदुरुस्त समजा, एखादा सिलिंडर बराच खाली असेल तर थांबा, कारण आपल्याकडे एन५४ चं पूर्ण ओव्हरहॉल करून पैसे वसूल झालेत असं मी पाहिलेलं नाही. दुसरं म्हणजे पाणी. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत जे झालं ते तुम्हाला आठवत असेल, अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून बाजारात येतात. तुम्ही तिसरे मालक आहात त्यामुळे बघून घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ आहे का बघा, सीटच्या पटऱ्यांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबा, वाळलेला गाळ बोटाला लागतो. पाणी गेलेल्या गाडीत वायरिंग आतून हिरवं पडत जातं आणि दर पावसाळ्यात नवीन काहीतरी बंद पडतं, त्याला अंत नाही, अशी गाडी असेल तर १३ लाख आनंदाने घ्या, आणि पाण्याचं काय दिसलं ते घेणाऱ्याला सांगून द्या. तिसरं कारण म्हणजे मोठा अपघात होऊन ओढलेली चासी, लिफ्टवर चढवून सबफ्रेमचे पॉइंट आणि वेल्डिंग बघितलं की कळतं.

ही तिन्ही कारणं नसतील तर जे काही निघतंय ते थकलेलं मेंटेनन्स आहे. आधीच्या दोन मालकांनी जे केलं नाही ते एकदम तुमच्या वाट्याला आलंय, आणि त्याचा एक फायदा असा की ते एकदा केलं की संपतं. नवा वॉटर पंप पुढच्या वर्षी परत मागणार नाही. दोन वर्षं सतत काही ना काही निघतंय असं तुम्ही म्हणता, ते मी वाचलं तर दर वेळी जेवढं बंद पडलं तेवढंच केलंय, पट्टा सुटला तेव्हा पट्टा टाकला, तो का सुटला ते कुणी बघितलं नाही. अशाने खर्च जास्त होतो आणि गाडीवरचा विश्वास पण जातो. विश्वास गेला की माणूस गाडी काढतच नाही, आणि उभी राहून ती अजून बिघडते.

आरसीचं म्हणाल तर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १५ वर्षांनंतर बंदी वगैरे काही नाही, तो दिल्ली-एनसीआरचा विषय आहे. इथे पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५, पीयूसी, चालू इन्शुरन्स, गाडी आरटीओत नेऊन तपासणी. फी साध्या कारला पाच हजार आहे पण आरसीवर इम्पोर्टेड अशी नोंद असेल तर एप्रिल २०२२ पासून चाळीस हजार लागतात, झेडफोर सगळ्या बाहेरून तयार येत होत्या त्यामुळे आरसी काढून आधी ते बघा. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड चढतो. जुनी गाडी म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवलेली हवी. आणि पुढचं पण लक्षात ठेवा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी वाढवली, इम्पोर्टेड कारला ती ८० हजार झाली, म्हणजे २०३० ला हा प्रश्न परत समोर येणार आहे. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांनंतर मिळते, तिचा आपल्याला उपयोग नाही.

इन्शुरन्सकडे बहुतेक जण बघत नाहीत आणि तिथेच गाडी हातची जाते. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्समध्ये धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, प्रीमियम कमी यावा म्हणून एजंट ती खाली धरतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. या गाडीचा एक झेनॉन हेडलाइट, बॉनेट आणि फेंडर एवढं गेलं तरी आकडा कुठे जातो ते विचारून बघा. आयडीव्ही सहा-सात लाख लिहिली असेल तर किरकोळ धडकेत चांगली गाडी भंगारात जाईल. प्रीमियम चार पैसे जास्त जाऊ दे, आयडीव्ही बाजारभावाइतकी लावून घ्या.

पेट्रोलचं पण बोलून घेतो. आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे आणि २०१० ची गाडी ई२० डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नव्हती. घाबरून जाण्यासारखं नाही, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्धी टाकी पेट्रोल घेऊन जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवणं हे सगळ्यात वाईट. पावसाळ्यात दर आठवड्याला काढाच, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला हाताने दाबून बघायला सांगा.

घरच्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांना बिलाचा त्रास आहेच पण त्याहून जास्त त्रास हा आहे की पुढचं बिल कधी आणि किती हे कुणालाच माहीत नसतं. त्यावर उपाय असा की गाडीचं वर्षाचं बजेट घरात बसून ठरवा आणि ते वेगळ्या खात्यात टाका. माझ्या हिशोबाने पहिल्या वर्षी बॅकलॉग काढायला तीन ते साडेतीन लाख, म्हणजे पंप, गॅस्केटं, नळ्या, टायर, गिअरबॉक्स, काजळी, बॅटरी, आणि त्यानंतर वर्षाला लाख-सव्वा लाख बाजूला पडले पाहिजेत, त्यात इन्शुरन्स धरलेला नाही. वर्षाला एवढं काढणं घराला जड जाणार असेल, मुलांची फी, होम लोन सगळं त्यातच असेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी विका, यात कमीपणा काही नाही, फक्त डीलरला १३ ला देऊ नका. नळ्या, गॅस्केट, टायर एवढं करून, कॉम्प्रेशनचा रिपोर्ट आणि सगळी बिलं फाइलला लावून, आरसी रिन्यू करून थेट आवड असलेल्या माणसाला विका. अशा गाड्या घेणारे लोक फाइल आधी बघतात आणि गाडी नंतर.

कामं कुठे करायची, तर असा माणूस शोधा जो पार्ट सुचवायच्या आधी टेस्टचं बिल लावतो. पार्ट स्वतः आणलेत तर बराच फरक पडतो, सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवरचा जीएसटीही २८ वरून १८ झालाय. पंप, गॅस्केट, सेन्सर हे मूळ कंपनीला जे पुरवठादार देतात त्यांचेच घ्या, डबा वेगळा असतो फक्त. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून काच, आरसा, ट्रिम, हेडलाइट असलं आणायला हरकत नाही, पण सेकंडहँड टर्बो किंवा सेकंडहँड पंप आणू नका, मजुरी दोनदा पडते.

तर या आठवड्यात एवढंच करा: बॅटरी टेस्ट, कॉम्प्रेशन, स्मोक टेस्ट, वेस्टगेटला हातपंप, आणि लिफ्टवर चढवून खालचे फोटो. एका दिवसाचं काम आहे. सहा सिलिंडरचे सहा आकडे लिहून घ्या, वर्कशॉपने तोंडी सांगितलेलं चालणार नाही, गेजचा फोटो मागा. तोपर्यंत टर्बोचा ॲडव्हान्स देऊ नका आणि डीलरलाही हो म्हणू नका.